दिव्याखालचं कासव

हल्ली इंग्लंडात कासवाचं पिल्लू घ्यायला गेलं की दुकानदार आधी खोकं दाखवतो. त्यात काचेची पेटी, पेटीच्या टोपणातच बसवलेला एकुलता एक दिवा, काचेला चिकटवायची तापमानाची पट्टी आणि मोबाइलवरून दिवा चालू-बंद करायची सोय. हे घेतलं की दिव्याबद्दल तुम्हाला डोकं चालवायला नको, असं तिथली मुलगी अगदी मनापासून सांगते. ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर मी गेले होते. मी तिला विचारलं, या दिव्याचे यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण, कासवाच्या पाठीपर्यंत किती पोचतात? ती म्हणाली, "भरपूर!" वीस वर्षांपूर्वी अशाच एका काउंटरवर मला हेच उत्तर मिळालं होतं. मधल्या काळात या देशातल्या हौशी माणसांनी जे शिकून ठेवलं ते सगळं कुठे सांडलं, हे काही मला कळेना.

२०२४ मध्ये मागे वळून बघायला निमित्तही मिळालं. भूमध्य समुद्राकाठच्या कासवांच्या व्यापारी आयातीवर युरोपीय समुदायानं घातलेली बंदी १९८४ मध्ये लागू झाली, त्याला चाळीस वर्षं झाली. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीपासून ब्रिटनच्या बाजारात साध्या फ्लुरोसंट ट्यूब नव्यानं आणायला मनाई झाली. कारण त्यातला पारा. २०२३ मध्ये जिनेव्हात पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या बैठकीत २०२७ पर्यंत फ्लुरोसंट दिवे बंद करायचं ठरलंच आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीच्या खास ट्यूब तूर्त यातून सुटल्या आहेत. पाऱ्याच्या बाजूनं मी भांडणार नाही. पण ज्या ट्यूबनं आम्हाला मोजायला शिकवलं, तिची पाठवणी सुरू झालीय एवढं मात्र खरं.

१९८४ च्या आधीचा काळ मी भरभर सांगते, कारण त्यात कासवं खूप आहेत पण दिवा नाही. आमच्या रेडिंगपासून गाडीनं तासाभरावर सेलबोर्न हे हॅम्पशरमधलं गाव. तिथल्या गिल्बर्ट व्हाइट या निसर्गवेड्या पाद्र्याला आत्याकडून टिमथी नावाचं कासव मिळालं, १७८० साली. त्याच्या उठण्या-झोपण्याच्या नोंदी व्हाइटनं इतक्या बारकाईनं ठेवल्या की आजही कासववाले त्या वाचतात. टिमथीची पाठ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे, आणि तो टिमथी मादी होता हे नंतर उघडकीला आलं. नोव्हेंबरात स्वतःला मातीत पुरून घ्यायचं आणि वसंतात वर यायचं, एवढाच त्याच्या हिवाळ्याचा बंदोबस्त.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोरोक्कोतून, पुढे तुर्कस्तान आणि युगोस्लाव्हियातून, खोक्यांत एकमेकांवर रचलेली कासवं लाखांनी ब्रिटनमध्ये आली. बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात फ्रीडा नावाचं कासव होतं आणि शरद आला की त्याला पेंढ्याच्या खोक्यात झोपवायचा सोहळा व्हायचा. घरोघरची मुलं तेच करायची. फरक एवढाच की घरोघरची बहुतेक कासवं पहिल्या दोनएक हिवाळ्यांत मरायची आणि पुढच्या उन्हाळ्यात बाजारातून नवं यायचं. स्वस्तच होतं ते.

बंदी आल्यावर नवं कासव बाजारात मिळेना, मग लोक घरीच अंडी उबवायला लागले. मोठं कासव इंग्लंडच्या थंडीत कसंबसं झोप काढतं. साडेतीन सेंटिमीटरच्या पिल्लाला मात्र वर्षातले निदान सात-आठ महिने घरात, दिव्याखाली ठेवावं लागतं. दिव्यांचा धंदा माझ्या मते बंदीच्या पोटातून जन्मला. नव्वदच्या दशकात अमेरिकेहून सरड्यांसाठीच्या पहिल्या यूव्हीबी ट्यूब इकडे आल्या. मंद, महाग, आणि कुणाला त्यांचं नेमकं काम ठाऊक नसलेल्या. त्या दशकाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं मला काही सापडत नाही. खिडकीत ऊन येतं की, मग ट्यूब कशाला, असं म्हणणारे तेव्हा बहुसंख्य होते. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळंच अडवते हे त्यांना सांगून पटायचं नाही.

मी ज्याबद्दल बोलायला बसलेय ते दशक २००५ ते २०१५ चं.

२००५ च्या शरदात आमच्या घरी हर्मन जातीचं पिल्लू आलं. रीतसर, प्रमाणपत्रासकट. मुलीनं त्याचं नाव आप्पा ठेवलं, सांगलीच्या आजोबांवरून, आणि फोनवर आजोबांना ते कळवूनही टाकलं. आप्पांनी बराच वेळ फोन धरून ठेवला आणि मग विचारलं, "खातो काय तो?" पथरीचा पाला, म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं असावं.

खाण्याचा प्रश्न सोपाच होता, अवघड होता तो दिव्याचा. कासवाला दिव्याकडून तीन गोष्टी हव्या असतात. एक ऊब, कारण त्याचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. पाठ टेकते त्या उंचीवर ३२ ते ३५ अंश, आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला २०-२२, म्हणजे नकोसं झालं की त्याला उठून जाता येतं. दुसरा उजेड, कारण अंधुक खोलीत ते खात नाही, पेंगतं. तिसरं यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांतला २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा. या किरणांनी कातडीत ‘ड’ जीवनसत्त्वाचं आधीचं रूप तयार होतं आणि त्याचं खऱ्या ‘ड’त रूपांतर व्हायला पुन्हा ऊबच लागते. म्हणून यूव्हीबीची ट्यूब थंड कोपऱ्यात आणि गरम बल्ब दुसरीकडे, ही मांडणी दिसायला नीटस असली तरी निरुपयोगी. दोन्ही एकाच जागी, एकाच पाठीवर पडायला हवेत. ‘ड’ नाही तर कॅल्शियम अंगी लागत नाही. पाठ मऊ पडते, पाय वाकतात.

मुडदूस, दुसरं काय! आणि इथे माझ्यासारखीला हसू येतं. १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई घरांतल्या मुलांत मुडदूस पुन्हा दिसायला लागला तेव्हा सरकारला मोहीम काढावी लागली होती. आमच्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनी वर्षभर ‘ड’च्या गोळ्या घ्याव्यात असा सल्ला २०१६ मध्ये अधिकृतपणे आला. सांगलीत एप्रिलच्या दुपारी अतिनील निर्देशांक ११-१२ च्या घरात जातो. रेडिंगला डिसेंबरात तो जेमतेम १. आमच्या घरात हिवाळाभर ज्याच्या अंगी पुरेसं ‘ड’ होतं असा एकच प्राणी होता, आणि तो भाजीच्या देठांवर जगत होता.

पण ते नंतर. सुरुवातीला दुकानानं आप्पासाठी जो दिवा बांधून दिला तो होता गुंडाळीचा, सीएफएलसारखा यूव्हीबी बल्ब. साध्या होल्डरमध्ये बसतो, जागा कमी खातो, पुढचं काही बघायला नको. २००६-०७ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत एकच तक्रार सुरू झाली. सरडे आणि कासवं डोळे उघडत नाहीत, पापण्या सुजल्यात, खाणं बंद. आप्पाचंही तेच. आमच्या पशुवैद्यानं ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता म्हणून इंजेक्शन दिलं आणि बिल दिलं. इंजेक्शनानं काही झालं नाही.

कोडं सोडवलं ते वेल्समधल्या पशुवैद्य फ्रान्सिस बेन्स यांनी, दिव्यांचा वर्णपट मोजून. काही गुंडाळी-बल्बांच्या आतल्या लेपातून सूर्यप्रकाशात नसतात इतक्या छोट्या तरंगलांबीचे किरण बाहेर पडत होते. वेल्डिंगवाल्यांचे डोळे येतात तसे जनावरांचे डोळे भाजत होते. दिवा काढला की काही दिवसांत डोळे उघडायचे. आप्पाचेही उघडले. मी तो बल्ब घेऊन दुकानात गेले तर मालक म्हणाला, "आमच्याकडे दुसऱ्या कुणाची तक्रार नाही." माझ्या मागे रांगेत एक बाई तसाच बल्ब पिशवीत घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी तो हळूच वर उचलून दाखवला.

त्या बाईंमुळे मी कासववाल्यांच्या गटात गेले. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये लोक जमायचे. निवृत्त शिक्षिका, बसचालक, एक माळी आणि एक म्हातारे इलेक्ट्रिशियन. मराठी मी एकटीच. या मंडळींनी पैसे घालून एक मीटर घेतलं होतं, सोलरमीटर ६.५. माणसाची कातडी जाळणाऱ्या किरणांचा जो निर्देशांक हवामान खातं सांगतं, तोच हे यंत्र दिव्याखाली दाखवतं. म्हणजे भाषा एकच झाली. ऊन किती आणि दिवा किती हे एकाच आकड्यात सांगता यायला लागलं.

इलेक्ट्रिशियन आजोबांची पद्धत मी अजून विसरलेले नाही. ट्यूब तिच्या होल्डरसकट टेबलावर, दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी. चालू करून अर्धा तास कुणी बोट लावायचं नाही, कारण ट्यूब तापून स्थिरावल्याशिवाय खरा आकडा देत नाही. चष्म्यावर दुसरा चष्मा. लाकडी पट्टीवर खुणा, २०, ३०, ४० सेंटिमीटर. मीटर बरोबर मधोमध धरायचं, हात हलवायचा नाही. आकडा मोठ्यानं वाचायचा आणि ट्यूबच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर मार्करनं तारीख आणि माप लिहायचं. त्या वेळच्या २६ मिलिमीटर जाडीच्या टी-८ ट्यूब, मागे चकचकीत रिफ्लेक्टर असताना, ३० सेंटिमीटरवर जेमतेम दीड दाखवायच्या. वर्षभर वापरलेली त्याच्या अर्ध्यावर. दिसायला दोन्ही सारख्याच पांढऱ्या. पेटीवर बारीक जाळी असेल तर तिसरा हिस्सा जाळीच खायची. लोक जाळीखाली माप घ्यायचे आणि तोंडं पडायची. कोण किती पैसे देऊन किती अंधार विकत घेऊन आलाय, ते तिथं सगळ्यांसमोर कळायचं.

याच वर्षांत मर्क्युरी व्हेपर बल्बची चलती होती. ऊब, उजेड, यूव्हीबी, सगळं एका बल्बात, १०० किंवा १६० वॉट. ऐकायला छान. वापरायला म्हणजे घरात रुसका पाहुणा. त्याला डिमर चालत नाही, म्हणून थर्मोस्टॅटनं मंद करता येत नाही; ऊब कमी करायची तर साखळीनं दिवाच वर ओढायचा, आणि वर ओढला की यूव्हीबीही कमी. क्षणभर वीज गेली की निवेपर्यंत पुन्हा पेटायचा नाही. होल्डर चिनी मातीचाच लागायचा, प्लॅस्टिकचा वितळायचा. आणि मीटरखाली एकाच खोक्यातले दोन बल्ब दोन वेगवेगळे आकडे दाखवायचे. मी त्या बल्बच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आमची उत्पादनं कडक तपासणीतून जातात. आजोबांनी ते पत्र हॉलच्या फलकावर लावलं आणि खाली त्या दोन बल्बांची मापं लिहिली. बरेच महिने ते तिथं होतं.

आणखीही हिशेब चुकते करून टाकते. तापवलेला ‘गरम दगड’: कासवाला ऊन वरून येतं एवढंच कळतं, पोट भाजतंय हे त्याच्या लक्षात यायला उशीर होतो; पोटाखालची तापणारी चटई त्याचीच बहीण. रात्रीचा लाल बल्ब: सरपटणाऱ्यांना लाल दिसत नाही म्हणून तो विकला जायचा. कासवाला लाल उत्तम दिसतं. स्ट्रॉबेरीचा तुकडा टाकून बघा, उत्तर मिळेल. लाल उजेडात रात्र काढणारं कासव म्हणजे डोक्यावर सिग्नल घेऊन झोपणारा माणूसच. हे सगळं दुकानात होतं, आजही आहे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चोख होता तो आर-८० नावाचा साधा स्पॉट बल्ब. जुन्या दिवाणखान्यांतल्या छताला असायचा तो. मागून चंदेरी, पुढून धुरकट काच, एक-दोन पौंडांना कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात. एक आर-८०, त्याच्या बाजूला ट्यूब, दोघांचा झोत एकाच सपाट दगडावर, झालं काम. दोन वेगळी यंत्रं, म्हणून प्रत्येकाला वेगळं वर-खाली करता येई. आमच्या गटातल्या बहुतेकांनी २०१० पर्यंत हीच मांडणी पक्की केली होती.

मग तापणाऱ्या तारेच्या बल्बांची युरोपीय बंदी आली. २००९ च्या सप्टेंबरात १०० वॉटच्या साध्या बल्बांपासून सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत एकेक प्रकार गळत गेला. हे बल्ब घेतलेली वीज बहुतांशी उष्णतेत घालवतात, हा त्यांचा गुन्हा. घराच्या उजेडापुरतं ते बरोबरच आहे. पण सरकारला त्यांच्यात जो दोष दिसला तोच तर आम्हाला हवा होता. खास कामाच्या दिव्यांना कायद्यात सूट होती, आणि त्या सुटीचं पुढे काय झालं ते आमच्यातल्या प्रत्येकानं पाहिलंय. हार्डवेअरच्या दुकानातून आर-८० गेला, आणि तोच, त्याच आकाराचा, त्याच वॉटचा, सरड्याचं चित्र असलेल्या खोक्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानात कितीतरी पट किमतीला अवतरला. आमच्या माळीबुवांनी शेवटच्या सेलमध्ये खोकीच्या खोकी घेऊन शेडमध्ये रचली होती. त्यांच्याकडे दिव्यासाठी माणसं जायची ती कानात बोलायची, जणू काही चोरटा माल.

२०११ च्या उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून आली. पहिल्याच संध्याकाळी तिनं कासवाच्या टेबलावरची सगळी मांडामांड बघितली. स्पॉट बल्ब, ट्यूब, टायमर, रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, दोन टोकांना दोन थर्मामीटर. मग म्हणाली, "जिन्यातला दिवा बंद कर म्हणून मला तीनदा सांगतेस, आणि याच्या खोलीत बारा तास दिवाळी?" आमच्या गावच्या देवळात सभामंडपात दगडी कासव आहे, त्याला ओलांडताना नमस्कार करायची सवय. आई रोज सकाळी आप्पालाही करायची. पण तिनं एक गोष्ट माझ्याआधी टिपली. सकाळी सातला टायमर दिवा लावतो, त्याच्या थोडं आधीच आप्पा बाहेर येऊन दगडापाशी बसतो. दिवा लागला की मान पूर्ण बाहेर, मागचे दोन्ही पाय ताणून लांब, तळवे वर, असा चपटा पडून राहतो. "हा दिव्याची वाट बघतो गं," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "पण याची पाठच तापते, पाय गारच आहेत. हात लावून बघ."

ते शंभर टक्के बरोबर निघालं. तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक गटात नुकतीच आली होती. हवेत ३१ अंश असताना अरुंद झोताच्या बल्बाखाली पाठीचा माथा ४५ च्या वर जात होता आणि पाय मात्र थंड. टॉर्टॉइज ट्रस्टचे अँडी हायफील्ड याच सुमारास हेच सांगत होते. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली उष्णता हवेतल्या बाष्पातून गाळून आलेली असते आणि ती अंगात खोल शिरते. दिव्याची उष्णता तशी गाळलेली नसते, जवळून आणि एकाच ठिकाणी पडते. पाठीचं आवरण सुकतं. सिरॅमिक हीटरची तर सगळीच लांब तरंगांची, कातडीवरच थांबणारी. मोठ्या आचेवरची भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, त्यातला प्रकार. पिल्लांच्या पाठीवर उंचवट्यांचे मनोरे येतात त्याचा दोष वर्षानुवर्षं प्रथिनांना दिला गेला होता. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकी कासवांवर दाखवून दिलं होतं की त्यात कोरड्या हवेचा वाटा प्रथिनांपेक्षा मोठा आहे. दुकानांपर्यंत ते पोचायला दशक लागलं. आम्ही काय केलं? १०० वॉटचा एक अरुंद झोत काढून त्याजागी ६० चे दोन रुंद झोताचे दिवे लावले, जरा उंच, शेजारी शेजारी, म्हणजे अख्खं कासव झोताखाली येईल. एका कोपऱ्यातली माती रोज ओली करू लागलो. पाठ ३५-३६ च्या पुढे गेली नाही.

तेवढ्यात १६ मिलिमीटरच्या टी-५ ट्यूब आल्या आणि ट्यूबचं खरं राज्य तेव्हा सुरू झालं. आजोबांच्या पट्टीवर ३० सेंटिमीटरला चारच्या पुढचे आकडे पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांनी मीटरची बॅटरी बदलून पुन्हा माप घेतलं. आणि किती हवं याचंही उत्तर मिळालं होतं. गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सरडे-साप रानात स्वतःहून किती किरणांत बसतात ते मोजून चार गट पाडले होते. बेन्स आणि प्राणिसंग्रहालयांतल्या मंडळींनी २०१६ मध्ये कितीतरी जातींची त्या गटांत वाटणी करून यादीच छापली. भूमध्य कासवं तिसऱ्या गटात: दिवसभराची सरासरी १ ते २.६, ऊन खायच्या जागी त्याहून जास्त, आणि सावली हवीच. एका बाजूला हा आकडा, दुसऱ्या बाजूला मीटर. आता दुकानातल्या कुणाला काही विचारायची गरजच उरली नव्हती. माझ्या लेखी या छंदाचं ते शिखर.

पुढची वर्षं मला कंटाळवाणी गेली, म्हणून थोडक्यात. उजेडाशिवाय खोल शिरणारी ऊब देणारे हीटर आले, ते चांगले आहेत. एलईडी आले. उजेडाला उत्तम, पण ऊब देत नाहीत, आणि साध्या एलईडीत यूव्हीबी नसतं. २०२१ च्या सप्टेंबरात ब्रिटननं घरगुती हॅलोजन बल्बांचीही विक्री थांबवायला घेतली; पुन्हा सरड्याचं खोकं, पुन्हा किंमत. २०२२ च्या ऑक्टोबरात विजेचं युनिट ३४ पेन्सला गेलं. १०० वॉटचा एक दिवा रोज १२ तास म्हणजे वर्षाला ४३८ युनिट, जवळपास १५० पौंड, तोही एका कासवाच्या एका दिव्याचा. त्या हिवाळ्यात लोकांनी टायमर दहा तासांवर, आठ तासांवर आणले. काहींनी कासवं देऊन टाकली. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

पण गट मोडला तो त्याआधीच. कोविडमध्ये हॉल बंद झाला आणि उघडल्यावर परत कुणी किल्ली मागायला गेलं नाही. इलेक्ट्रिशियन आजोबा मधल्या काळात गेले. आणि त्या जागी सुरुवातीला सांगितलेला खोक्यातला ‘संपूर्ण संच’ आला. त्याच्यावर माझा राग आहे तो काही सगळंच वाईट आहे म्हणून नाही. त्यातला दिवा कदाचित ठीकही असेल. पण टोपणातच दिवा पक्का बसवला की तो वर-खाली करता येत नाही. एकाच दिव्यात ऊब आणि यूव्हीबी कोंबलं की एक कमी करताना दुसरंही जातं, म्हणजे मर्क्युरी बल्बाचाच जुना रोग नव्या झाकणात. चारी बाजूंनी काच, त्यामुळे थंड टोक थंड राहत नाही. काचेला चिकटवलेली पट्टी काचेचं तापमान सांगते, पाठीचं नाही. आणि मोबाइलवर दिवा चालू दिसतोय म्हणजे सगळं आलबेल, असा समज करून देणं हा तर शुद्ध खोटेपणा आहे. यूव्हीबी ट्यूब विझायच्या कितीतरी आधी निकामी होते. पांढरा उजेड तसाच राहतो.

भारतातून अधूनमधून विचारणा येते, पुण्यात फ्लॅटमध्ये तारा कासव ठेवायचंय, दिवा कुठला घेऊ? कुठलाच घेऊ नका. तारा कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे, ते घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. तस्करांच्या बॅगेतून सुटलेल्या कासवाला दिवा नाही, त्याचं माळरान हवं असतं.

इंग्लंडातल्या मराठी घरांना मात्र सांगणं आहे. आप्पा २०२४ मध्ये एकोणीस वर्षांचा झाला, उन्हाळ्यात बागेत आणि बाकी वेळ तशाच दोन दिव्यांखाली आणि एका ट्यूबखाली. गटाचं मीटर माझ्याकडेच पडून आहे आणि चालतं. रेडिंग, स्लाव, बेसिंगस्टोक या बाजूला कुणाकडे कासव असेल तर ट्यूब घेऊन या, फुकट मापून देते, चहा-पोह्यांसकट. येताना नुसती ट्यूब आणू नका. होल्डर आणि रिफ्लेक्टरही आणा. रिफ्लेक्टरशिवाय आकडा साधारण निम्म्यावर येतो.